तिसरी-चौथीच्या वर्गातलं लग्न

आमच्या शाळेत एक लग्न लागलं. पत्रिका झाली, हळद झाली, मंडप झाला, मानपानावरून भांडणं झाली, बुंदीसुद्धा झाली. एवढं सगळं ठरवणाऱ्या माणसांना एकच गोष्ट ठरवायचं सुचलं नाही, आणि त्या माणसांत मीही होते.

शाळा जिल्हा परिषदेची, मंठ्याच्या अलीकडे जरा आडबाजूला. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. पहिली-दुसरी हेडसरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. हेडसर शांत, जपून बोलणारे. मी तशी नाही. माझा आवाज पार पाण्याच्या टाकीपर्यंत जातो असं पोरं म्हणतात, आणि टाकी गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचे दिवस होते. घरोघरी कापूस येऊन पडलेला, तुळशीची लग्नं नुकतीच लागलेली, आणि पोरांच्या डोक्यात वाजंत्री अजून चालूच. कार्यानुभवाच्या तासाला मी कागदाची फुलं ठरवून आले होते. दरवर्षी तीच फुलं. खरं सांगायचं तर मलाच त्यांचा कंटाळा आला होता. तेवढ्यात तिसरीतली एक पोरगी भलं मोठं गाठोडं ओढत आत आली. तिचे वडील गावातले टेलर. घरी ही मंडळी उर्दू बोलतात, आणि शाळेत ही पोरगी मराठी अशी बोलते की समोरच्यानं गप्प बसावं.

"मॅडम, अब्बू ह्ये फेकून देऊन राह्यले व्हते. म्या म्हनलं, आमच्या मॅडमला काय बी चालतं."

गाठोड्यात कात्रण होतं. ब्लाउजपिसांचे कोपरे, जरीच्या पट्ट्या, अस्तर, शर्टाच्या कापडाचे तुकडे. मी ते सतरंजीवर ओतलं मात्र, वर्ग त्यावर तुटून पडला. कागदाची फुलं पिशवीतच राहिली. "काय करायचं ते करा," एवढंच मी म्हणाले. तास संपेपर्यंत जिकडंतिकडं बाहुल्या झाल्या होत्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच मला बातमी मिळाली की चौथीची मुलगी आणि तिसरीचा मुलगा अशी सोयरीक जमली आहे.

नवरदेव अर्थातच टेलरच्या पोरीनं केलेला. काळा कोट, आत जरीचं जाकीट, आणि तोरा आईचाच. नवरी चौथीतल्या एका मुलीची. ती वर्गात बोलते कमी, पण एकदा 'न्हाई' म्हणाली की बैलजोडी लावली तरी हलायची नाही. तिनं कात्रणाला हातही लावला नव्हता. नवरीची साडी तिनं घरून आणली होती, आंबा रंगाच्या ओढणीचा काठाकडचा तुकडा. ओढणी तिच्या ताईची. ताईचं लग्न उन्हाळ्यात झालं आणि ताई पार नाशिककडं गेली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी या पोरीला सहज विचारलं होतं, काय गं, ताईशिवाय करमतं का? तर म्हणाली, "गोधडी लई मोठी झाली, मॅडम." त्यावर मी वर्गाला पाढे म्हणायला लावले होते.

तर एक नवरीची आई आणि दुसरी विहीणबाई. वर्गातसुद्धा मी त्यांना याच नावानं हाका मारू लागले आणि त्या तेवढ्याच गंभीरपणे ओ देऊ लागल्या. नवरा-नवरीची नावं मात्र ठरेचनात. प्रत्येकीला नवरीला आपलं नाव द्यायचं होतं. एक अख्खा तास त्यात गेला, दोन वेण्या ओढल्या गेल्या, आणि शेवटी मीच ओरडले, "नवरीचं नाव नवरी आणि नवरदेवाचं नाव नवरदेव! बसा खाली!"

बाहुल्या सुरुवातीला अगदीच चपट्या होत्या. "पोटात कापूस भरा," मी म्हणाले, आणि हे कापसाच्या हंगामात कापसाच्या गावात म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं नाही. दुसऱ्या दिवशी जो तो मुठी भरून कापूस घेऊन हजर. एकानं तर अर्धं पोतं आणलं, आणि त्याच्या मागोमाग त्याची आई पोतं परत न्यायला आली. वर्गभर कापूस उडत होता. फळ्यावर कापूस, हजेरीपटावर कापूस, माझ्या केसांत कापूस. हेडसर दारातून डोकावले आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही एकदम म्हाताऱ्या झाल्या." त्यांचा हा वर्षातला एकुलता एक विनोद, म्हणून मी हसून घेतलं.

विहीणबाईंनी घाईघाईनं सरकीसकट कापूस भरला. नवरदेवाचं पोट जिथं दाबावं तिथं खडे लागायचे.

"तुमच्या नवरदेवाला मुतखडा हाय," चौथीकडून कोणीतरी म्हणालं.

"असू दे. तुमच्या नवरीची मान बघा, निस्ती वात!"

मीही काही साधी नाही. त्या लग्नात मी गणित घुसवलं. मंडपाची लांबी-रुंदी, तोरणाला किती दोरा लागेल, बुंदीचे किती पुडे, एका पंगतीला किती बसतील. एरवी परिमिती म्हटलं की ज्यांना तहान लागायची, ते स्वतःहून दोरी घेऊन मैदान मोजत होते. मला इतका आनंद झाला होता की मी घरी जाऊन भाजी करपवली. घरच्यांनी मुकाट्यानं खाल्ली, कारण जेवताना मी लग्नाशिवाय दुसरं काही बोलतच नव्हते.

पत्रिका चौथीनं लिहिली. आमच्याकडच्या पत्रिकेत शेवटी घरातल्या लहान पोरांची ओळ असतेच, 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!' आता इथं आई-बाप, मामा, काका, निमंत्रक, सगळे हेच. मग लहान कोण उरलं? त्यांनी विचार केला आणि त्या ओळीखाली दोन नावं टाकली: हेडसर आणि मॅडम. मी पोट धरून हसले. हेडसरांनी पत्रिका वाचली, आपलं नाव बघितलं. पण त्यांचं बोट वर नवरीपाशी थांबलं.

"मॅडम, नवरीचं वय लिहिलेलं नाही."

"सर, बाहुली आहे ती."

"बाहुली असली तरी शाळेतलं लग्न आहे. वय लिहा."

मला आधी रागच आला. पण माणूस बरोबर बोलत होता. आमच्या भागात सातवी-आठवीतली एखादी पोरगी मध्येच शाळेत यायची थांबते, आणि का थांबली ते सगळ्या गावाला माहीत असतं. मी वर्गासमोर विषय ठेवला. पोरांनी तो असा उचलला की मधली सुट्टी झाली तरी कोणी उठेना. शेवटी ठरलं ते असं: नवरी वय वर्षे बावीस, शिक्षण पूर्ण, नोकरी पोलीस. नवरदेव वय वर्षे पंचवीस, स्वतःचा जेसीबी. "पोलीस जास्ती की जेसीबी?" यावर पुन्हा वाद झाला. नवरीची आई एवढंच म्हणाली, "माझी नवरी त्याचा जेसीबी जप्त करू शकती."

हळदीच्या दिवशी मात्र घोटाळा झाला. हळद लावायची म्हणजे खरीच लावायची, हे आमच्या पोरांना कोणी सांगावं लागत नाही. घरून वाट्या आल्या, पाण्यात हळद कालवली गेली, आणि सगळ्या वर्गानं नवरा-नवरीला मनसोक्त माखलं. पांढऱ्या कापडाची तोंडं, आत कापूस. हळद आत मुरली ती मुरलीच. नवरीचे काजळानं काढलेले डोळे पिवळ्या पाण्याबरोबर गालावर आले. धुतलं तर आणखी पसरलं. नवरीची आई रडणार असं मला वाटलं, पण तिनं ओली नवरी खिडकीत वाळत घातली, वाळल्यावर काळा दोरा मागून घेतला आणि नवे डोळे शिवून काढले. आधीच्यापेक्षा मोठे. "आता पुसनार न्हाईत," ती म्हणाली. तिला टाके घालायला ताईनं शिकवलं होतं.

इथं माझं थोडं सांगते. मला लग्न होऊन बरीच वर्षं झाली. शाळेतून घरी जाताना मला वाटूर फाटा लागतो. फाट्यावरून सरळ गेलं की माझं घर, आणि डावीकडं परतूरच्या रस्त्याला लागलं की अर्ध्या तासात आई. आईचा रोज संध्याकाळी फोन येतो आणि त्यात एक वाक्य ठरलेलं असतं, "फाट्यावरून तर जातीस, वळत कामून न्हाईस?" मी म्हणते, आई, जल्दी असते, रविवारी येते. रविवारी धुणं असतं, वह्या असतात. सासर चांगलं आहे, तक्रार काही नाही. माझ्या पाठवणीला मी रडले नव्हते. सगळ्या बायका बघत राहिल्या होत्या, आणि ती गोष्ट मी पुढं बरीच वर्षं मोठ्या दिमाखात सांगत आले.

लग्नाचा दिवस शनिवारचा, सकाळची शाळा. मी पोचले तर मैदानात साड्यांचा मंडप उभा, आंब्याच्या पानांचं तोरण, आणि पोरं नव्या कपड्यांत. आयांना बोलावणं गेलं होतं, पण कापूस वेचायचा सोडून कोण येणार असं मी धरून चालले होते. तर निम्मं गाव आलं. म्हाताऱ्या तर पहिल्या सतरंजीवर जागा धरून. एका आजीनं नवरीला तळहाताएवढी घडी घातलेलं ब्लाउजपीस आणलं, दुसरीनं खणाचा तुकडा. टेलर स्वतः आले, नवरदेवाचा फेटा नीट करून गेले आणि जाताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, कोट का नाप बराबर नहीं था, मैंने रात को ठीक कर दिया. बच्ची को मत बोलना."

वरात आली! खेळण्यातला ट्रॅक्टर, त्याला दोरी, ट्रॅक्टरवर पिवळ्या तोंडाचा नवरदेव, पुढं तेलाच्या रिकाम्या डब्यावर ताशा. तिसरीचा वर्ग असा नाचला की मला माझे पाय आवरेनात, मग मी आवरलेच नाहीत. हेडसरांनी फेटा बांधला होता. पहिलीची पोरं त्यांच्या फेट्याचा शेमला धरून गोल फिरत होती, आणि ते कोणाला रागावत नव्हते.

अंतरपाट धरला. मंगलाष्टक पोरांनीच रचलेलं:

"वर्गात रोज हसू दे, खिचडीत मटकी दिसू दे,
मॅडमचा राग बसू दे, कुर्यात सदा मंगलम्!"

तांदूळ उडाले, टाळ्या पडल्या, डबा वाजला. पंगती बसल्या, खिचडी झाली, बुंदी झाली. सगळं माझ्या डोळ्यांदेखत इतकं छान पार पडत होतं की मी फोटो काढायचेसुद्धा विसरत होते.

आणि मग विहीणबाई उठल्या, फ्रॉक झटकला, नवरदेवाला काखेत मारलं आणि नवरीच्या आईपुढं हात पसरला.

"चला. द्या आता नवरी. घरी न्यायची हाय."

नवरीच्या आईनं नवरी छातीशी धरली. तिच्या तोंडाकडं बघून मला कळलं की हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस ती मंडप मोजत होती, डोळे शिवत होती, पत्रिका लिहीत होती. लग्न लागल्यावर नवरी जाते, हे तिच्याइतकं ताजं त्या मंडपात कोणालाच माहीत नव्हतं, आणि तरी ती ते विसरली होती. मीही विसरले होते.

"न्हाई देत," ती म्हणाली.

"आगं, लगीन लागलं!" तिसरीचा गलका झाला. "रिवाज हाय!" पुढच्या सतरंजीवरच्या आज्या समजावू लागल्या, दे बाई, समद्याच देत्यात, रडू नये. पण ती रडत नव्हतीच.

"ताईला देलं की," ती म्हणाली. "एकदा देलंय आमी. पुन्हा कामून द्यायचं?"

मागच्या बाजूला तिची खरी आई उभी होती, तिनं पदर तोंडाला लावला. पोरगी मात्र माझ्याकडं वळली. उत्तर मॅडमला येत असतं, अशी चौथीपर्यंत पोरांची खात्री असते.

"मॅडम, तुमच्या आईनं तुमाला कसं काय देलं?"

माझ्या पाठवणीला मी रडले नव्हते हे मला पक्कं आठवत होतं. आई काय करत होती, ते मला आठवेना. मी बघितलंच नव्हतं.

विहीणबाई इतका वेळ हात पसरून उभ्या होत्या. त्यांनी नवरीच्या आईकडं बघितलं, मग काखेतल्या नवरदेवाकडं. "मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "माझा पोरगाच येतो तुझ्या घरी." आणि नवरदेव पुढं केला. पण मूठ काही सुटेना. नवरीची आई घ्यायला वाकली तरी सुटेना. "अब्बूनं रातीला जागून कोट नीट केलाय त्याचा, म्या बघितलंय," असं म्हणून त्यांनी नवरदेव परत ओढून घेतला.

आता दोघी आपापलं लेकरू छातीशी धरून उभ्या. मला हसावं की रडावं कळेना.

"मंग दोघं बी शाळंतच ऱ्हाऊ द्या ना!" चौथीतून आवाज आला. "त्यान्ला वायलं घर बांधू!"

वायलं म्हणजे वेगळं, आई-बापांपासून निराळं. हे ऐकलं आणि पुढची सतरंजी उसळली. "अगं बया! लगीन लागलं न्हाई तं वायले बी निघाले!" एक आजी पदरात तोंड घालून हसत होती, दुसरी कलियुगाला दोष देत होती. पण पोरांना कुठली दाद! विहिरीजवळ बांधू, नळ देऊ, वर सोलर लावू, पोलिसाला गाडी लावायला जागा पाहिजे, जेसीबीला शेड पाहिजे, असा एकच कल्ला झाला. रिवाज वगैरे सगळे विसरले. माझ्या अंगावर काटा आला तो आनंदाचा.

हेडसर कधी उठून गेले ते मला दिसलं नाही. परत आले ते शाळेच्या टीव्हीचं खोकं घेऊन. ते खोकं त्यांनी कपाटावर जपून ठेवलं होतं. कोणालाही हात लावू देत नसत, टीव्ही बिघडला तर लागेल म्हणत. त्यांनी ते मंडपाच्या मधोमध ठेवलं.

"हे घ्या," ते म्हणाले. "दार कुठं काढायचं ते आधी ठरवा."

शनिवारची शाळा कधीच सुटली होती, पण कोणी घरी गेलं नाही. खोक्याला दार झालं, खिडक्या झाल्या, कात्रणाचे पडदे लागले. पत्रिकेच्या उरलेल्या कागदावर 'पोलीस व जेसीबी' अशी पाटी झाली. दोन्ही आया सतत एकमेकींच्या सूचना खोडून काढत होत्या. शेवटी घर माझ्या वर्गाच्या खिडकीत ठेवलं, म्हणजे दोघींनाही बाकावरून दिसेल असं. नवरीच्या आईनं स्वतःच्या हातानं नवरी आत निजवली. विहीणबाईंनी शेजारी नवरदेव. मग नवरीच्या आईनं खिशातून आंबा रंगाचा उरलेला तुकडा काढला, त्याला चहूबाजूंनी टाके घातलेले होते. तिनं तो दोघांवर पांघरला आणि कडा खोचल्या.

"गोधडी बारकीच केली," ती मला म्हणाली. "दोघांना बराबर पुरती."

मी गाडी काढली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डिक्कीत बुंदीचे दोन पुडे होते, घरी न्यायला म्हणून पोरांनी दिलेले. फाट्यावर नेहमीसारखी गर्दी होती, ट्रक, रिक्षा, चहाची टपरी. मी नेहमीसारखी सरळ जाणार होते. गाडी डावीकडं वळली तेव्हा मलाच नवल वाटलं.

आई अंगणात कापूस वाळत घालत होती. मला बघून तिच्या हातातली टोपली तशीच राहिली.

"आज मधीच कशी? काय झालं?"

"काही नाही. लग्नाची बुंदी आणलीय."

तिला खाटेवर बसवलं आणि पंगतीपर्यंतचं सगळं सांगितलं. मुतखडा सांगितला, जेसीबी सांगितला, हळद सांगितली, खिचडीतली मटकी सांगितली. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी आणून दिलं. पाणी पिऊन तिनं पदरानं तोंड पुसलं, पुडा सोडला, बुंदीचे चार दाणे तोंडात टाकले आणि विचारलं,

"मंग? नवरी गेली का?"

"न्हाई गेली."

आईनं पुडा पुन्हा बांधून खाटेवर ठेवला.

"बरं झालं," ती म्हणाली.